अर्धा सूर वर

मंगळवार, १२ जानेवारी १९५४

ओबोने आज चुकीचा सूर दिला आणि मी सत्तर माणसांसमोर तसं बोलून बसले!

दहाला वाद्यवृंदाची तालीम. नेहमीसारखा ओबो फुंकणारा लेनिहन ताठ बसून 'ए' हा सूर देतो आणि त्यावर आम्ही सगळे वाद्यं लावतो. आज त्याने दिला तो 'ए' नव्हताच. त्याच्या वरची काळी पट्टी. अर्धा सूर वर — स्वच्छ, बिनदिक्कत. वाटलं, आत्ता कुणीतरी हसेल, आत्ता तो स्वतःच चपापेल. पण सगळे मुकाट खुंट्या पिळत होते. मग मीच म्हणाले, "मिस्टर लेनिहन, सूर वर गेलाय."

त्याने ओबो खाली घेतला. "किती वर, मॅडम?"

"अर्धा."

मागून तुतारीवाल्यांपैकी कुणीतरी — "जर्मनीत सूरसुद्धा हुकूम सोडल्यावरच वर जातात वाटतं!" हशा. आमचे संचालक, मिस्टर हावेल्का, हसले नाहीत. ते कधीच हसत नाहीत. त्यांनी कोपऱ्यातल्या पियानोवर तोच सूर वाजवायला लावला.

पियानोही वर. मग मी माझ्याच व्हायोलिनची तार छेडली, काल स्वतः लावलेली. तीही वर!

"माफ करा," म्हणाले आणि बसले. शेजारचा व्हायोलिनवाला टूमी हळूच म्हणाला, "बाईसाहेब, काल काय घेतलंत? मलाही पत्ता द्या."

बुधवार, १३ जानेवारी

माझ्याकडे वडिलांचा सूर लावायचा लोखंडी चिमटा आहे. तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. चिमटाही खोटं बोलतोय.

लोखंड खोटं बोलत नाही. म्हणजे मी.

रविवार, १७ जानेवारी

हे कुणाला सांगायचं? इथेच लिहिते.

लहानपणापासून मला सुराचं नाव ऐकू येतं. दाराची करकर, किटलीची शिट्टी, शिंक — सगळ्याला नाव. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. कुणाला लाल रंग लाल दिसतो, तसं. जर्मनीतल्या आमच्या आपोल्डा गावात चर्चच्या घंटा ओतत. वडील तिथे घंटांचा सूर तपासायच्या कामावर. सात वर्षांची असताना मला ते ओतशाळेत नेत, नव्या घंटेवर हातोडी मारत आणि गिऱ्हाइकांसमोर विचारत, "रोस्विता, कोण बोललं?" मी नाव सांगे. पाद्री लोक खूश होऊन मला साखरेची चकती देत.

लग्नाआधी, युद्धात, युद्धानंतर — सगळं हललं, पण हे कधी हललं नाही. नवरा गेला, घर गेलं, गाव रशियनांच्या हद्दीत गेलं. मुलीला, आल्मुटला, आणि व्हायोलिनला घेऊन पाच वर्षांपूर्वी या डब्लिनला आले तेव्हा एक अक्षर इंग्रजी धड येत नव्हतं. पण बोटीच्या भोंग्याचा सूर मला कळला होता! त्याच्याच आधाराने धक्क्यावर उतरले.

आता शेहेचाळीस वर्षांची आहे आणि लाल रंग नारिंगी दिसायला लागलाय.

शुक्रवार, २२ जानेवारी

पत्र आलंय. वर्तमानपत्रांत ओरड चालूच होती — आपल्या देशात व्हायोलिन वाजवणारी माणसं नाहीत का, म्हणून! आता सरकारी खात्याने ठरवलंय: वाद्यवृंदातल्या नऊही परदेशी वादकांना पुन्हा ऐकायचं. एकेकटं. अकरा मार्च. एक तयार केलेली रचना, एक पान ऐन वेळी समोर ठेवतील ते. त्यावर करार. करारावर राहण्याचा परवाना.

करार गेला की आम्ही दोघी गेलो. कुठे, ते मला माहीत नाही. परतायला गाव नाही.

तयार रचनेची मला भीती नाही. ती बोटं आपली आपण वाजवतील. भीती आहे ती त्या पानाची. नवं पान वाचताना सूर आधी माझ्या डोक्यात वाजतो आणि मग बोट त्याला शोधत जातं. डोक्यातलं आणि तारेवरचं आता जुळत नाही. बोट डोक्याचं ऐकतं आणि अर्धा सूर खाली घसरतं. तालमीत आजूबाजूचे सोळा जण ओढून घेतात वर. एकटीला कोण ओढणार?

मंगळवार, २६ जानेवारी

डॉक्टरकडे जाऊन आले. कानात दिवा घालून पाहिलं, घड्याळाची टिकटिक ऐकवली, खोलीच्या टोकाला जाऊन कुजबुजले.

"लखलखीत! घोड्यासारखे कान आहेत तुमचे."

"पण सगळं अर्धा सूर वर ऐकू येतं, डॉक्टर."

"मग बरंय की. आमची मंडळी चर्चमध्ये गाते, ती कायम अर्धा सूर खाली असते. दोघींनी मिळून गा."

बुधवार, ३ फेब्रुवारी

आज रडले. तेही घरमालकीणबाईंच्या दिवाणखान्यात!

स्कॅनलनबाईंच्या पियानोला त्यांचा नवरा गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही. तो पट्टीच्या पार खाली उतरलाय, चांगला अर्धा सूर. पाच वर्षं मी त्या खोलीवरून कान दाबून जात होते. आल्मुटला तर सक्त ताकीद — त्या पियानोवर सराव करायचा नाही, कान बिघडतील.

आज शाळेतून आली आणि मी घरात नाही असं समजून बसली वाजवत. मी जिन्यात थबकले. किती बरोबर! किती दिवसांनी प्रत्येक सूर आपल्या जागी! सगळ्या डब्लिनमध्ये माझ्यासाठी सुरात असलेला एकच पियानो, आणि तो बिघडलेला. मी आत जाऊन खुर्चीत बसले आणि डोळे आपोआप वाहायला लागले.

आल्मुट घाबरली. "ममा, पुन्हा नाही वाजवणार! खरंच!"

"वाजव," म्हणाले. "वाजव गं."

स्कॅनलनबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "अगं बाई, इतका वाईट झालाय का तो? उद्याच माणूस बोलावते!"

"नको! कृपा करून त्याला हात लावू नका!"



शनिवार, ६ फेब्रुवारी

काही नाही. म्हणजे सगळं तसंच.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

आज हावेल्कांना सुचलं. एका भागातलं धावतं वळण त्यांना पसंत पडेना. "स्टँडप्रमाणे," म्हणाले. म्हणजे पानं ठेवायच्या एकेका स्टँडवरच्या दोघांनीच वाजवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.  हा माणूस असा, की दुसऱ्या फळीतल्या व्हायोलिनवाल्याने मनात चूक केली तरी त्याची मान वळते.

आमची पाळी तिसरी. टूमी बाहेरच्या बाजूला, मी आतल्या. पानं उलटायचं काम आतल्याचं. पाच वर्षं मी त्याची पानं उलटतेय. सुरुवात बरी झाली. मग तिसऱ्या ओळीला माझं बोट घसरलं. त्याच क्षणी टूमीने गज असा काही दाबला की त्याचा आवाज माझ्या आवाजावर बसला, दार लोटावं तसा. वर एक चूकही केली — मुद्दाम! बेसूर, ठसठशीत.

हावेल्का म्हणाले, "मिस्टर टूमी, तुमचं वय बोलतंय."

"हो साहेब. त्याला गप्प बस म्हटलं की जास्तच बोलतं."

मधल्या सुट्टीत मी त्याच्यासमोर चहा ठेवला.  तोच म्हणाला, "महिना झाला. तुझं डाव्या हाताचं बोट भूत बघितल्यासारखं मागे सरतं. काय झालंय ते सांगणार आहेस, की मी अजून म्हाताऱ्याचं सोंग आणू?"

सांगितलं. सगळं. पहिल्यांदाच मोठ्याने. त्याने चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून आत पडलं, तो ते चमच्याने शोधत राहिला.

"कुणाला सांगू नकोस," एवढंच म्हणाला. "निदान मार्चपर्यंत."

रविवार, १४ फेब्रुवारी

टूमीच्या घरी. त्याच्याकडे त्याची मोठी बहीण पेग राहते. सत्तरीची, पश्चिमेच्या क्लेअर परगण्याकडची. स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवते, हनुवटीला न लावता, छातीवर टेकवून. आल्मुटलाही नेलं होतं. पेगने तिला सोडा ब्रेडचा एवढा मोठा तुकडा लोण्यासकट हातात दिला आणि मला म्हणाली, "बस. वाजव माझ्याबरोबर."

"कुठल्या पट्टीत?"

"कसल्या पट्टीत?"

"म्हणजे — कुठला सूर धरून?"

पेगने भावाकडे पाहिलं. "ही नेहमीच इतके प्रश्न विचारते का?" मग मला — "हे बघ पोरी, आमच्याकडे सुराला नावं ठेवायची पद्धत नाही. गाईला नाव असतं, सुराला कशाला? मी वाजवते. तू माझ्या शेजारी ये."

तिच्या तारा कशाच्याच धरबंधात नव्हत्या. ना इकडे, ना तिकडे. मी माझ्या तारा तिच्या तारांना लावल्या. त्यांना नावच देता येईना, इतक्या अधल्यामधल्या! आणि मग गंमत झाली. नाव नाही म्हटल्यावर कान गोंधळलाच नाही. हा सूर त्याच्यापेक्षा एवढा वर, तो याच्यापेक्षा तेवढा खाली — बस्स. पायऱ्या मोजत जिना चढावा तसं. अर्धा तास वाजवलं. चुका झाल्या. पेग प्रत्येक चुकीला "हात्तेच्या!" म्हणायची आणि पुढे जायची.

निघताना टूमी म्हणाला, "कळलं? तुझ्या बापाने तुला प्रत्येक घंटेचं नाव शिकवलं. आमच्या आईने फक्त शेजारी बसायला शिकवलं."

राग आला मला. माझ्या बापाबद्दल बोलायचं काम नाही! घरी येईपर्यंत बसमध्ये मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

रविवार, २१ फेब्रुवारी

पुन्हा पेगकडे. रागावूनच गेले, पण गेले.

रविवार, २८ फेब्रुवारी

पेगकडे. पेग शेजारी असली की जमतं. घरी खोलीत एकटी पान उघडते तेव्हा नाही. पहिल्या ओळीला नावं परत येतात. सगळी चुकीची.

बुधवार, ३ मार्च

उपासाचा पहिला दिवस. स्कॅनलनबाई कपाळावर राख लावून आल्या. त्यांनी ईस्टरपर्यंत साखर सोडली. आल्मुटने मैत्रिणींबरोबर गोळ्या-चॉकलेट सोडलं. "तुम्ही काय सोडताय?" बाईंनी विचारलं.

मी म्हणाले, अजून ठरलं नाही.

सोमवार, ८ मार्च

आल्मुट शाळेच्या हॉकीच्या संघात निवडली गेली. धावत आली, मोजे घसरलेले, गुडघा फुटलेला. इथल्या पोरींसारखीच बोलते आता, शेवटचा शब्द वर उचलून. मला म्हणाली, "ममा, एप्रिलमध्ये कॉर्कला जायचंय सामन्याला. मी जाणार ना?"

"जाशील," म्हणाले.

का म्हणाले? एप्रिलचं मला काय माहीत!

ताट धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. तिला सगळं सांगावं का? तेरा वर्षांची आहे. तिने आत्तापर्यंत चार घरं सोडली. एकदाही "का" विचारलं नाही, फक्त स्वतःची बाहुली आधी बॅगेत टाकली. आता बाहुली नाही. आता काय टाकेल?

बुधवार, १० मार्च

उद्या. सकाळी साडेअकरा. माझा नंबर चौथा.

टूमीने तालमीनंतर माझ्या गजाला स्वतः राळ लावून दिली.  टूमी गप्प — तीच मोठी भीती.

गुरुवार, ११ मार्च

झालं. लिहिते जसं झालं तसं.

छोटी खोली. टेबलामागे तिघं. हावेल्का. संगीताच्या वृद्ध प्राध्यापिका मिस प्रेंडरव्हिल, हातमोजे घातलेल्या. आणि खात्याचा एक माणूस, सर्दीने बेजार, रुमालात तोंड घालून. तयार रचना नीट गेली. बोटांनी आपलं काम केलं, मी त्यांच्या मधे आले नाही. खात्याचा माणूस "छान, छान" म्हणाला.

मग पान ठेवलं. हळुवार होतं. लांब लांब ओळी, बोट न ठेवता वाजणाऱ्या मोकळ्या तारेचा सूर कुठे नाहीच. मी पेगला आठवायचं ठरवलं होतं — जिना, पायऱ्या. पहिला सूर लावला आणि…

कसं सांगू! दोन महिन्यांत पहिल्यांदा सगळं एक झालं. पान, बोट, कान. काही ओढत नव्हतं, काही घसरत नव्हतं. वाटलं, बरी झाले! त्या खोलीत, त्या थंडीत, मी बरी झाले. आपोल्डाहून निघाल्यापासून मी इतकं चांगलं वाजवलेलं नाही, हे मला वाजवतानाच कळत होतं. शेवटचा सूर तर मला खाली ठेववेना.

संपलं.  मिस प्रेंडरव्हिल चष्मा काढून पानाकडे बघत होत्या.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "फार सुंदर. पण बाई, सगळं अर्धा सूर खाली का वाजवलंत?"

बरी झाले नव्हते. शेजारी कुणी नव्हतं, मोकळी तारही नव्हती, म्हणून ओढलं नव्हतं. एवढंच. बोटांनी बिनबोभाट कानाचं ऐकलं आणि अख्खं पान उचलून खाली नेऊन ठेवलं — आणि मला पत्ताही नाही!

"खाली म्हणजे?" खात्याचा माणूस. "मला तर छान वाटलं."

"छानच आहे," मिस प्रेंडरव्हिल. "पहिल्या नजरेत, एकही चूक न करता पट्टी बदलून! मला जन्मात जमायचं नाही. पण का?"

खोटं सुचत होतं. घाबरले, चष्मा विसरले, तुम्हाला काहीतरी वेगळं दाखवायचं होतं. ते शेवटचं तर चाललंही असतं. पण हावेल्का माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्यासमोर मला खोटं बोलता येईना.

"जानेवारीपासून मला सगळं अर्धा सूर वर ऐकू येतं," म्हणाले. "मी बरोबरच वाजवत होते. माझ्या कानाला."

खात्याच्या माणसाने रुमाल खाली घेतला आणि काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. हावेल्का म्हणाले, "आम्ही ते मागितलं नव्हतं. धन्यवाद. पुढच्याला पाठवा."

बाहेर बाकावर टूमी बसला होता, सुट्टीचा दिवस असून. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. माझ्या हातातली व्हायोलिनची पेटी घेतली आणि बसपर्यंत उचलून आणली.

शनिवार, १३ मार्च

आल्मुटला सांगितलं. अंथरुणावर तिच्या शेजारी बसून, हळूहळू, शब्द निवडत. कान, परीक्षा, परवाना.

ती म्हणाली, "मला माहीत होतं. तू किटली उतरवताना हल्ली सुराचं नाव नाही सांगत."

मग कुशीवर वळून — "मला इथून जायचं नाही, ममा. मी गेल्या पाच वेळा काही बोलले नाही. या वेळी बोलते."

मी पाच नाही, चारच मोजली होती घरं. तिने ती आगबोटही घरांत मोजली असेल — मी न मोजलेली. तिच्यात ती रात्रभर उलट्या करत बसली होती.

तिला मिठीत घेतलं. काही वचन दिलं नाही. यापुढे देणार नाही.

मंगळवार, १६ मार्च

नऊपैकी सहा जणांचे करार आले म्हणे. माझा नाही.

तालमीत लेनिहनने सूर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्यात. म्हणजे सगळ्यांना कळलंय! तुतारीवालेही गप्प. दया आली की माणसं थट्टा करायची थांबतात. थट्टा परवडली.

जुन्या ट्रंकेची कुलपं चालतात का पाहिली. एक अडकतंय.

बुधवार, १७ मार्च

इथल्या राष्ट्रीय सणाची सुट्टी. सगळं गाव हिरवं लावून रस्त्यावर. स्कॅनलनबाईंनी माझ्या कोटालाही पानं टोचली. "आज कुणी परकं नसतं," म्हणाल्या.

आज.

गुरुवार, १८ मार्च

तालीम संपल्यावर हावेल्कांनी खोलीत बोलावलं. दार लावलं. टेबलावर माझा करार, सही झालेला. मला वाचताच येईना. ते पाठमोरे उभे राहून कोट चढवत होते, बराच वेळ, बाही सापडत नसल्यासारखे.

"अर्धाच ना?" म्हणाले. "माझा पूर्ण सूर वर गेला. एकोणपन्नास साली. आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

मग टोपी घातली आणि गेले.

उद्या दहाला तालीम. सत्तर माणसं, आणि आम्ही दोघं.